बिल्लेवाल्यांची बंदूक

ता. ५ नोव्हेंबर

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

त्या सकाळी मी मागच्या अंगणात चादरी पिळत होते. कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते, टाकी भरत होती. आदल्या दिवशी शिकारीला नेलेली दुनळी बंदूक साफ करायला तुमचे दादा तिथल्याच बाकावर बसले. पायाशी मांजर घुटमळत होतं, म्हणून मी त्यांना जरा सरकून बसायला सांगितलं. तर म्हणाले, बंदूक रिकामी आहे, भरलेलं आहे ते मांजर. तेच त्यांचं शेवटचं बोलणं. बार झाला तेव्हा चादरीचा चिमटा माझ्या तोंडातच होता.

हे तुम्हाला नवं नाही. तरी लिहिते, कारण मागच्या आठवड्यात तुमच्याकडे छत्री घ्यायला मी दारामागे हात घातला, तर हाताला तुमची बंदूक लागली. ह्यांनी शिकवलं होतं तशी मी ती मोडून उघडली. डाव्या नळीत काडतूस! तुम्ही चहाचा कप घेऊन आलात, अरेच्चा म्हणालात, काडतूस खिशात टाकलंत आणि साखर पुरे ना म्हणून विचारलंत. उघडी बंदूक अजून माझ्या हातात होती आणि तुम्हाला साखरेची पडली होती.

आता तुमच्याकडे राहून नोकरी करणारी माझी चिमणी कळवते की पुढल्या शनिवारी तुम्ही तिला क्लबबरोबर रानडुकराच्या शिकारीला नेणार. बापाची हौस लेकीत उतरली आहे, ती मी मोडणार नाही. मागणं एकच. निघण्याआधी तुमची बंदूक उघडून तिला दाखवा आणि तिची तुम्ही बघा. एवढं करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

धाकट्या जाऊबाईंना आशीर्वाद. लोभ आहेच, ह्या वेळी सोबत उत्तरही पाठवा.

तुमची वहिनी


ता. १० नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हिने मला दिवसभर फैलावर घेतलं, तेव्हा तुमचं निम्मं काम झालं असं समजा. आमच्या क्लबची नियमांची पुस्तिकासुद्धा तुम्ही मिळवून वाचलीत असं चिमणी सांगते. उद्या आमची परीक्षा घ्याल!

पण वहिनी, क्लब पितळी बिल्ला उगाच देत नाही, मुरलेल्या शिकाऱ्यालाच देतो. शिकारीला जाताना आणि परतताना, रानातल्या क्लबच्या झोपडीच्या दाराशी नव्या लोकांना बंदूक उघडून दाखवावी लागते. बिल्लेवाल्याला कोणी विचारत नाही, तो त्याचा मान. मी पुतणीसमोर बंदूक उघडून उभा राहिलो तर मंडळी मला जन्मभर चिडवतील. चुकून बार होऊ नये म्हणून माझ्या बंदुकीचा सुरक्षेचा खटका लावलेला असतो. शिवाय बोट माझं आहे, मला विचारल्याशिवाय ते हलत नाही. दारामागचं ते काडतूस कधीतरी राहून गेलं असेल.

दादाचं झालं ते नशीब. त्याच्याइतका सावध माणूस मी पाहिला नाही. चिमणी सतत माझ्या मागे राहील, तुम्ही निर्धास्त असा. गुडघ्यांना तेल लावता ना? माया आहे तशी असू द्या, आणि डोळे वटारणं थोडं कमी करा.

तुमचा दीर


ता. २१ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र पोचलं. त्यात खुशाली नाही, नमस्कार नाही, नुसते जाब. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं धरते. तू क्लबच्या मागच्या गाडीने झोपडीपाशी पोचलीस तोवर सगळं उरकलं होतं. म्हणून तुला वाटतं, आईने चारचौघांत काकांचा अपमान केला आणि शिकार मोडली. शिकार मी मोडली नाही. काकांनीच सगळ्यांना घरी जायला सांगितलं. का, ते तुला अजून सांगितलेलं दिसत नाही.

बाबा सावध होते हे काकांचं म्हणणं खरं आहे. बिल्ला मिळेपर्यंत ते झोपडीच्या दाराशी दर वेळी बंदूक उघडत. बिल्ला मिळाला आणि कोणी विचारेनासं झालं. मग हळूहळू तेही स्वतःला विचारेनासे झाले. तेव्हापासून जो तो मला नशीब सांगतो. ऐकून माझे कान किटले. नशीब नळीत जाऊन बसत नाही गं, काडतूस बसतं, आणि ते माणूस भरतो.

मागच्या अंगणातल्या बाकावर आता मी पुस्तक घेऊन बसते. दुःखाशी माझं एकदा जमलं आहे. पुन्हा जमवायची माझी तयारी नाही.

राग ओसरला की दोन ओळी टाक. आशीर्वाद वर लिहिले आहेतच, तेव्हा आता फक्त घडलं ते लिहिते.

काकांचं पत्र शुक्रवारी आलं. दुसऱ्या दिवशी मी बाबांचा बिल्ला छातीवर टाचला, पहिली बस धरली आणि झोपडीच्या दारात उभी राहिले. काका आले तेव्हा त्यांना बंदूक उघडायला सांगितली. मंडळी हसली. काकाही हसले, आणि वहिनीचा हट्ट म्हणून त्यांनी हसत हसतच ती उघडली. उजव्या नळीत काडतूस होतं. ते काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवलं, शेजारी बाबांचा बिल्ला ठेवला, आणि परतीच्या बससाठी चालू लागले.

तुझी आई