आईचा अर्धा कोर्स

दादा,

बाबांची छाती एकदाची मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, "बरं वाटलं तरी अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही." बाबा माझ्याकडे बघतच राहिले. आईनं अर्धवटच सोडला होता, आठवतंय ना? त्यातच गेली ती.

आता बाबा खोकत नाहीत, पण आईच्या बंद खोलीतून खोकला येतो. तोंडावर हात दाबून काढलेला, अगदी तिचाच. बाबा खुशाल म्हणतात, "अगं, पाणी पी!"

तिच्या उरलेल्या गोळ्या त्यांनी तिच्या उशीशी ठेवल्या. मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडेच असते. तरी गोळ्या कमी होतायत.

हे पत्र टाकणार नाही. वेड लागलं म्हणशील. पण तिचा खोकला खरंच कमी झालाय, आणि आता एकच गोळी उरलीय. उचलू, की राहू दे?

तुझी,
छोटी