दॉन आबुंदियोंच्या गिटारीवरचा एक ओरखडा

ती. एदुविहेस मावशीस,

पाराचोहून तुझ्या नीकोचा, गुडघा वाकेल तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, उरुआपानची हवा मानवत असेल आणि जावई वेळेवर जेवायला घालत असेल असं धरून चालतो. मी इकडे ठीक आहे. (नाही आहे, पण ते पुढे येईलच.) माझा आवाज ऐकला की तू फोन आपटतेस, म्हणून हे पत्र. पत्र आपटायचं तरी आधी फोडावं लागतं, आणि एकदा फोडलं की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. माझी पत्रं फोडून वाचायची सवय तुला पूर्वीपासूनच आहे.

तर ओतिलिया. दॉन आबुंदियोंची थोरली, चौकात तारा विकते ती. गेल्या दोन वर्षांत मी तिच्याकडून इतक्या तारा घेतल्यात की तेवढ्या गिटारी मला उरल्या आयुष्यात करता यायच्या नाहीत. शेवटी तिनेच विचारलं, तारा पुरे झाल्या की नाहीत? मी हो म्हणालो. एकेचाळिसाव्या वर्षी माझं असं जमलं, मावशी! पण दॉन आबुंदियोंनी आपली गिटार माझ्या हातात ठेवली. त्यांच्या वडिलांच्या हातची, पुढच्या फळीवर पट्ट्याच्या बकलाचा बोटभर ओरखडा. म्हणाले, एवढा घालव, मग मागणी घेऊन ये. घालवला नाहीस तर येऊ नकोस.

मला वाटलं, हात्तिच्या! वीस वर्षं गिटारी करतोय. हे मात्र सोयीस्कर विसरलो की वीस वर्षं लाकूड माझं होतं आणि पॉलिश तुझं. लाखेचा बोळा मी हातात धरला असेन तो फक्त तुला उचलून देण्यापुरता. गावात कुणाला विचारावं तर इथे ज्याच्या-त्याच्या घरात गिटारी टांगलेल्या. एकाला विचारलं की संध्याकाळपर्यंत दॉन आबुंदियोंना कळणार. शिवाय जत्रेत मीच छाती फुगवून बोललो होतो, तुला माहीत आहे काय ते. त्या तोंडाने कुणाकडे जाणार?

ओरखडा लाखेने भरला. चांगला भरला, खोटं नाही सांगत. वाळल्यावर वर आलेला उंचवटा बारीक पॉलिशपेपरने घासायला घेतला, आणि इथे माझी बुद्धी शेण खायला गेली. लाकडाच्या रेषेने घासायचं सोडून मी गोल गोल घासलं. (आपण शाळेत पाटी पुसायचो तसं.) अंगणात उन्हात धरून बघतो तर एक ओरखडा गेलेला आणि चाळीस आलेले. म्हटलं, चकाकी आणली की झाकले जातील. पेस्ट लावून दीड तास चोळलं. चकाकी अशी आली की चाळीसच्या चाळीस रस्त्यावरून दिसायला लागले. शेजारची रेफुहियो भिंतीपलीकडून म्हणाली, नक्षी छान काढलीस रे.

आता लाखेचा नवा हात देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुझी जुनी बाटली काढली. लाख मधासारखी घट्ट झालेली. पातळ करायला स्पिरिट नाही, आणि दुकानदार मेव्हण्याच्या पोराच्या बारशाला गेलेला. मग फळीवर चारांदा दिसली. हसू नकोस. चारांदा म्हणजे दारू, दारू म्हणजे स्पिरिट, असा माझा साधा हिशोब. ती तू नाताळात पेरू आणि गूळ घालून मुरवलेली बाटली आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणार होतो, पण आलं होतं. मला वाटलं, रंग जरा खुलेल. लाख दुधासारखी फाटली. मी म्हटलं फेस असेल, आणि बोळा फिरवत राहिलो. (प्रत्येक हातामागे एक घोटही घेतला, धीर यावा म्हणून.) गिटारीवर दाट धुकं पसरलं. सुकावी म्हणून अंगणात टांगली, तर तासाभरात तिच्यावर गावातल्या सगळ्या माश्या, दोन गांधीलमाश्या आणि मांजराचे केस.

आणि दॉन आबुंदियो नेमके तेव्हाच आले, ओतिलियाला घेऊन. त्यांनी गिटारीवर बोट ठेवलं, ते चिकटलं. ओढून काढलं, हुंगलं, चाटलं. म्हणाले, "नीको, ही वाजवायची की चाखायची?" ओतिलिया हसता हसता बाकावर बसली, मग बाकावरून खाली बसली. म्हातारा हसला नाही. गिटार काखोटीला मारून जाताना एवढंच बोलला, की एदुविहेस असती तर हे झालं नसतं.

म्हणून, मावशी, ये. तुझ्यावाचून ही गिटार सुधारायची नाही, आणि ती सुधारल्याशिवाय माझं लग्न व्हायचं नाही.

तुझा,
नीको

ता. क. येताना तुझा बोळा आण. माझ्याकडचं फडकं रेफुहियोने पाहिलं आणि म्हणाली की याने तर खरकटंही निघायचं नाही.

ता. क. दुसरा. जत्रेत चारचौघांत मी म्हणालो की मावशीला आता दिसत नाही, तिच्या पॉलिशला डाग राहतात. तू जेवणही न करता गाठोडं बांधून गेलीस. डाग राहत होते, हे खरं आहे. पण ते मी घरी सांगायला हवं होतं, तुझा हात हातात घेऊन. मी नालायक आहे. मला माफ कर.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. गिटार शनिवारीच नीट झाली. दॉन आबुंदियोंनी स्वतः स्पिरिटने धुऊन काढली आणि नवी लाख चढवली. शिव्या देत, पण मला शेजारी बसवून. मागणीला या म्हणाले, येत्या रविवारी पाच वाजता. पाव, चॉकलेट आणि पुढे घरातलं वडील माणूस असं रीतीने या. मला वडील माणूस तू एकटीच. कामाला बोलावलं तर येशील, माझ्यासाठी बोलावलं तर यायची नाहीस, असं वाटून वरचं सगळं लिहिलं. बोळा नको आणूस. पायऱ्या दिसत नसतील तर माझा दंड धर, पण पुढे तूच चाल. रविवारी मी अकराच्या बसला स्टँडवर आहे. तीत नसलीस तर दोनच्या बसला बघेन, मग साडेचारच्या.