आईच्या पाठीवरच्या पट्ट्या

१२ जाने.
आईच्या गुडघ्याला दुखण्याची पट्टी लावली. कमरेला कालच्या दोन तशाच. काढू म्हटलं, तर म्हणे, "चिकटून आहे तोवर काम करून राहिली ना. काहून फेकतं?" म्हटलं, तुझी पाठ म्हणजे तहसीलचा सूचनाफलक. नवी नोटीस लागते, जुनी कोणी काढत नाही. हसली. मीही.

१७ जाने.
दात घासताना आईच्या हिरड्यांतून रक्त. दंडावर निळे डाग. "कुठं लागलं असेल." हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. मनात पाल...

१९ जाने.
डॉक्टर : "और कोई दवा?" आईच्या आधी मीच, "नहीं, बस यही गोली।" रिपोर्ट वाईट, रक्त गोठायला फारच वेळ लागतोय. डोस तोच, जेवण तेच. डॉक्टर कोड्यात. गोळी दोन दिवस बंद. पेपरसाठी लिहीत होतो ती उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची बातमी अर्धीच राहिली.

२० जाने.
लेकीने, चिनूने, पट्टीच्या डब्यातला कागद वाचला. "पापा, लिखा है, खून पतला करने की दवा चल रही हो तो डॉक्टर से पूछें।" म्हटलं, अगं, ती पट्टी आहे. "तो पट्टी दवा नहीं है?"
लहानपणी संस्कृत पाठशाळेत औषधांचे प्रकार, चूर्ण, क्वाथ म्हणजे काढा, लेप, एका दमात घोकले होते. लेप औषधांतच. वीस वर्षं बातमीदार म्हणून लोकांना प्रश्न विचारतोय. मला एकच विचारला गेला, तर चुकीची बातमी दिली.
डॉक्टरांना फोन. "चमड़ी से थोड़ी ही जाती है। मगर इतनी सारी, दिन-रात... सब निकालिए। कल फिर जाँच।"
तेल लावून काढल्या. पाच निघाल्या. खांद्यावरची मला ठाऊकच नव्हती. "गोळीच बंद ठेव ना, पट्टी राहू दे." गोळी फार दिवस बंद ठेवली तर झडपेत गुठळी. हे बोलवलं नाही.

२१ जाने.
आईचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट संध्याकाळी. टोचल्या जागी कापूस धरून बसलो.
"गुडघ्याले एक तरी लाव रे."
नाही म्हटलं.
"मग हात तरी ठेव."
दुसरा हात ठेवला. म्हटलं, आई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच चुकीचं सांगितलं.
"मी पण तर तिथंच बसून होती." जरा वेळाने, "कापूस पाय."
उचलून पाहिला. अजून ओलाच, लाल. परत दाबला.