पाच चांगली बेअरिंगं आणि वरची कवळी

ती. थोरले साडूसाहेबांस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना ग्रीस आहे. देवाला चालतं, कागदाला चालत नाही. वर कोपऱ्यात उमटलेला अंगठा माझाच.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? ताईंचा खोकला थांबावा म्हणून रोज सकाळी देवाला आठवण करून देतो. दवाखान्यात गर्दी असेलच. देवानं तुमच्या हाताला यश दिलं आणि लोकांच्या दातांना कीड दिली, म्हणजे दोन्हीकडून तुमचाच विचार केला.

तुम्ही बसवलेल्या वरच्या चार दातांच्या कवळीला आज सोळा दिवस झाले. माझी बावीस वर्षांची जागा सध्या त्या चार दातांना लटकते आहे. पण एकदम दातांवर आलो तर तक्रार वाटेल, म्हणून मोटारींपासून सुरू करतो. आमच्या कागदाच्या कारखान्यात अठरा मोटारी आहेत आणि त्यांच्या बेअरिंगांची तब्येत बघणं हे माझं काम. तिथल्या गोंगाटात कान म्हणजे नुसती चष्म्याच्या काड्या अडकवायची सोय. म्हणून वस्तादांनी शिकवलेली रीत मी पाळतो. दोन्ही कानांत बोटं घालायची, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ पुढच्या दातांत धरायची, टोक मोटारीवर, जिथं आत बेअरिंग बसलेलं असतं तिथं टेकवायचं आणि मनात नाव घेत डोळे मिटायचे. आवाज हाडांतून थेट डोक्यात येतो. बेअरिंग चांगलं असेल तर एकसारखी सूं ऐकू येते, अगदी ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. (साहेब नवीन आले तेव्हा मी असाच बसलो होतो. त्यांनी म्हणे हळूच विचारलं, "हे आपल्याकडेच कामाला आहेत ना?")

तर या मंगळवारी पंधरवड्याची फेरी, नवे दात लावून पहिलीच. पहिल्याच मोटारीत सुक्या वाटाण्यांची पिशवी हलवल्यासारखा खडखडाट. मी जाहीर केलं, बेअरिंग गेलं. आजवर माझा शब्द कधी खाली पडलेला नाही, त्यामुळे कुणी उलट विचारलं नाही. काम थांबवलं, मोटार खोलली, नवं बेअरिंग बसवलं. जुनं धुऊन पाहिलं तर आरशासारखं. मी म्हणालो, आजार अजून आत आहे. दुसऱ्या मोटारीत तोच आजार. मग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. गुरुवारपर्यंत साथ पसरल्यासारखं झालं. आमचे स्टोअरकीपर (त्यांना सगळे कुलूपबुवा म्हणतात, बेअरिंग देताना चेहरा असा, की स्वतःची किडनी काढून देत आहेत) पाचव्या खेपेला म्हणाले, "मिस्त्री, उरलेल्या तेरांचंही आत्ताच सांगून टाका. एकदाच काय ते रडून घेतो."

सहावी मोटार सगळ्यांत भयंकर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कानांतली बोटं काढली, हात वर केले आणि ओरडलो, ताबडतोब बंद करा हिला. माझ्या जोडीचा फिटर लंबू दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, ही सकाळपासून बंदच आहे." शेजारच्या पंपानं पाया हादरत होता, पायानं मोटार, मोटारीनं स्क्रूड्रायव्हर, आणि स्क्रूड्रायव्हरनं तुमची कवळी.

साडूसाहेब, संत सांगून गेले की दोष बाहेर शोधू नये, तो आपल्याच ठायी असतो. गावच्या शाळेत गुरुजींनी हे माझ्याकडून पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. तो वरच्या जबड्यात असतो, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

हसू लंबूपासून निघालं ते गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोहोचलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून तुम्ही गोदामात नट मोजा, मोटारी लंबू बघेल. लंबू भला माणूस आहे, पण तो मोटारींना नुसता हात लावून बघतो, ताप पाहिल्यासारखा. त्यांच्या पोटातलं कोण ऐकणार?

शुक्रवारी निरोपाची फेरी म्हणून कवळी खिशात घातली आणि मूठ दाढेत धरून (दाढा माझ्याच, वडिलोपार्जित) एकेक मोटार ऐकली. सगळ्या गुण्यागोविंदानं गात होत्या. फक्त बॉयलरच्या मोठ्या पंख्याची मोटार सूं म्हणता म्हणता मधेच अडखळत होती. आता हे कोणत्या तोंडानं सांगणार? होतं त्या तोंडानं सांगितलं. साहेबांचा थरथर मोजायचा मीटर म्हणाला, ठणठणीत. मी म्हटलं, मीटरला मान देतो, पण खोलून बघा. चांगलं निघालं तर सोमवारची वाट बघत नाही, आत्ताच गोदामात जातो. खोललं. बेअरिंगच्या गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला आडवा तडा. आणखी दोन दिवस चालली असती तर पंखा छत फोडून देवदर्शनाला गेला असता. कुलूपबुवांनी नवं बेअरिंग न मागता आणून दिलं. जुने कामगार सांगतात, असं पूर्वी कधी झालेलं नाही.

असो. मुलांना आशीर्वाद, ताईंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : साहेब विरघळले, पण पुरते नाहीत. म्हणतात, "मिस्त्री खरे आणि दात खोटे, हे मला पटलं. पण पाच चांगली बेअरिंगं का काढली, हे वरच्या ऑफिसला काय सांगू? सोमवारपर्यंत लेखी काही आणा, नाहीतर गोदाम आहेच." तरी दवाखान्याच्या छापील कागदावर चार ओळी लिहाव्यात, की कवळी तुमच्याच हातून सैल बसली, मिस्त्रींचा दोष नाही. पत्र घेऊन आलेला लंबू तिथेच थांबेल. त्याला चहा दिला की तो हसत नाही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवून देवापुढे ठेवलं, पण उचलवेना. म्हणून फोडून लिहितो. कवळी तुम्ही घट्टच बसवली होती. पहिल्याच आठवड्यात ती हिरडीला टोचू लागली, तेव्हा मी कारखान्यात पकडीत धरून तिला कानस मारली, आणि बेअरिंगला देतो तेवढी मोकळीक चारी बाजूंनी दिली. देवाला सांगून झालं, तुम्हालाही सांगून झालं. वरच्या ऑफिसला सांगायलाच हवं असं नाही. शिक्का ठळक उठू द्यावा.