लाइन जजची खुर्ची

बाबा, गेल्या रविवारी मी इनडोअर स्टेडियममध्ये तुमच्या जागी बसले होते. कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात, लाइन जजच्या खुर्चीवर. तुमच्या वेळचा लाकडी फ्लोअर जाऊन तिथे आता हिरवं मॅट आलंय. पण शटल वाऱ्यानं हलू नये म्हणून मॅच सुरू होताच पंखे अजूनही बंद करतात, आणि लखनौचा उकाडा सगळ्यांच्या अंगावर बसतो.

तुम्ही तिथे बसलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. फायनल होती, नेमलेला लाइन जज आलाच नव्हता. तुम्ही मानक नगरहून ऑफिसच्या कपड्यांतच मला बघायला आला होतात. आयोजक म्हणाले, "भाईसाहब, आप ही बैठ जाइए." तुम्ही म्हणालात, "मेरी बेटी खेल रही है." तेव्हा समोरच्या मुलीचे वडीलच हसून म्हणाले, "आप पर भरोसा है." तुम्ही बसलात. शेवटच्या पॉइंटला माझा स्मॅश रेषेपाशी पडतो, पंच तुमच्याकडे बघतात, मीही बघते, आणि तुम्ही शांतपणे दोन्ही हात पसरता. आउट. मी हरले. सगळ्यांसमोर रॅकेट फेकली.

घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बोटभर तर फरक होता. पोरीला द्यायचा नाही का एक पॉइंट?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "काय देऊ तिला? दुसऱ्याच्या पोरीचं?" मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. तरी रोज पहाटे तुम्ही स्कूटर काढायचात आणि मला प्रॅक्टिसला सोडायचात. त्या दिवसाचा विषय आपल्यात पुन्हा निघालाच नाही, आणि मग तुम्ही गेलात.

तुमची नात आता बारा वर्षांची आहे. मराठी समजते, बोलते हिंदीतच. रविवारी तिची फायनल होती आणि लाइनवर बसायला माणूस कमी पडला. समोरच्या मुलीची आई अमौसीला एअरपोर्टवर ड्यूटीवर होती. पोरगी एकटीच आली होती. शेवटी शेवटी तिचा फटका माझ्यासमोर पडला. रेषेवर. मी नीट पाहिलं, बाबा. आणि दोन्ही हात पसरले.

ती मुलगी भांडली नाही. जवळ येऊन एवढंच म्हणाली, "आंटी, पक्का?"

मी म्हणाले, "पक्का."

आम्ही जिंकलो. गोमती नगरला परतताना कारमध्ये मुलीनं मेडल दप्तरात टाकलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "मम्मा, वो अंदर थी ना?" सिग्नल सुटला तशी मी गाडी पुढे काढली. लेक कालपासून प्रॅक्टिसला जायचं नाही म्हणते, आणि का ते मी विचारत नाही.

त्या मुलीच्या आईचा नंबर आमच्या ग्रुपवर आहे. चार दिवस झाले, रोज काढते आणि फोन खाली ठेवते. तिच्याआधी तुम्हाला सांगितलं, बाबा, कारण तुम्ही मला उलटून काही विचारणार नाही.