सारवलेली ओसरी

९ जानेवारी १९६४, बुलढाणा
आज मायची साक्ष. घाटात तिला एस.टी. लागली, तरी पिंजऱ्यात ताठ उभी राहिली. माझ्या भावाच्या, गजूच्या खुनाला वर्ष होत आलं. आरोपी किसना समोरच, इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. माझ्या अंगाची लाही लाही.

मायनं सांगितलं, ओसरीवर गजूच्या बाजेजवळ रक्तात पाऊल उमटलं होतं. डावं, करंगळी नसलेलं. अख्ख्या वरवट बकालात तसा पाय एकट्या किसनाचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आदल्याच दिवशी त्यानं गजूला "पाह्यतो तुले" म्हटलं होतं.

त्याचा वकील : "मग ते पाऊल आता कुठं आहे, बाई?"
"सारवलं ना."
"कोणी?"
"म्याच. लेकरू गेलं ते जागा तशीच ठेवू काय?"
मागे कोणीतरी हसलं. कोण ते दिसलं नाही, बरं झालं.

१० जाने.
खून झाला त्या सकाळी पोलीस जमादार आला. प्रेत पाहिलं, कागद केले, गजूला बैलगाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. आणि जागा? "साहेब उद्या पाहतील." पान लावलं, गेला. मी गाडीमागे गेले. इकडे मायनं शेण कालवलं. माणूस गेलं की आमच्याकडे ती जागा सारवतात, पीठ पसरतात, वर टोपलं पालथं घालून दिवा लावतात. दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल शोधायचं, जीव कुठल्या जन्माला गेला ते कळायला. साहेब आले तेव्हा पीठच पीठ. गेलेल्याचं पाऊल बघायला मारणाऱ्याचं पुसलं.

२१ जाने.
शेजारची काशीकाकू फिरली! "मले काही दिसलं नाही बाप्पा, मी तं मंग आली." हिनंच मला हाताला धरून ते पाऊल दाखवलं होतं. पोरगा किसनाच्या भावाकडे सालदार लागलाय ना.

३ फेब्रु.
सुटला.
निकाल इंग्रजीत. सरकारी वकिलांनी बाहेर लिंबाखाली समजावून सांगितलं. भांडण खरं. संध्याकाळी तो आमच्या घराकडे दिसला, तेही खरं. पण पाऊल घरच्या दोघींशिवाय कोणी सांगत नाही, आणि त्याच्या घरी सापडलेल्या कुऱ्हाडीवरचं रक्त माणसाचं की जनावराचं ते ठरलं नाही. संशयाचा फायदा आरोपीला. "पुराव्याची साखळी तुटली, बाई."

कुठं तुटली ते मला विचारा. जमादाराच्या पानात तुटली. काशीकाकूच्या तोंडात तुटली. आणि... नाही, इथंसुद्धा लिहिणार नाही.

फायदा म्हणे! गजूला कसला फायदा दिला? अपील करायचं की नाही ते सरकार ठरवणार. अर्ज देऊन आले.

४ फेब्रु. घरी
माय चुलीपुढे. "काऊन सोडला वं त्याले?"
"जज्जाले पटलं नाही."
"म्या तं खरं सांगतलं."
"हाव माय."
"मंग?"
तव्यावरची भाकर करपली. दोघींनी तीच खाल्ली. रागवायचं तरी कोणावर, हिच्यावर?

९ फेब्रु.
किसनाला गुलाल लावून, डफडं वाजवत आमच्या दारावरून नेलं. निर्लज्ज! सगळे पुढं जाईस्तोवर दारातच उभी राहिले. काशीकाकू बघायला बाहेर आलेली. मोठ्यानं विचारलं, "काकू, किती बोटं होती त्या पावलाले?" पदर तोंडाला लावून आत गेली.

१७ फेब्रु.
अपिलाचं काही कळत नाही.
मायला मात्र कळलं. विहिरीवर बाया बोलल्या, सारवलं म्हणून सुटला. तेव्हापासून तिनं ओसरी सारवलेली नाही. आज मी शेण आणलं तर पाटी हातातून काढून घेतली. "राहू दे वं. कोण येते, कोण जाते, दिसू दे."

ओसरीभर धूळ. तिच्यात कोंबड्यांची पावलं, माझी, तिची. मघाशी किसना रस्त्यानं गेला. माय उंबऱ्यावर बसून त्याच्या पायांकडे बघत होती.