मुक्ताच्या मंडपाचे चार खांब

३ मे, शनि. पिनर, लंडन
लेकीच्या लग्नाला तीन आठवडे. आईने काय करायचं? काहीच नाही. "आई, यू जस्ट रिलॅक्स." फुलवाला मुक्तानेच ठरवलाय. भांडून मंडपाच्या चार खांबांचे माथे करायचं काम मिळवलं. अट अशी, की आवडले नाहीत तर फुलंच. व्याही ग्रीक, म्हणून ग्रीक देवळासारखे करणार, दोन टोकांना वेटोळी असलेले. थर्माकोल आणलं. निवृत्त झाले तरी दातांची हत्यारं टाकली नव्हती, ती माळ्यावरून काढली.

६ मे, मंगळ.
म्युझियममध्ये खऱ्या खांबाचे फोटो काढले, समोरून. वेटोळं आत जाताना अरुंद होतं, हात हलला की खेळ खलास. जन्मभर लोकांच्या दाढा कोरल्या त्या कामी आल्या. पहिला माथा तयार. स्वतःवर बेहद्द खूश.

११ मे, रवि.
चारही झाले. गराजमध्ये खांबांवर चढवले. विहीणबाई जिथे बसणार तिथे सुधीर खुर्ची टाकून बसला. "अगं, इथून नुसता लोड दिसतोय." खरंच की. वेटोळी फक्त पुढून-मागून, बाजूने गुंडाळलेली गादी. नवऱ्यावर चिडले. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

१३ मे, मंगळ.
पुन्हा म्युझियम. गाइडबाईंनी चित्र काढून दाखवलं. त्या ग्रीक लोकांचीही हीच पंचाईत झाली होती. मग कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दर्शनी बाजूंना वेटोळी, आणि अगदी कोपऱ्यावरचं तिरकं बाहेर ओढलेलं. देवळाला असे मोजकेच, बाकी साधे. माझ्या मंडपाला सगळेच कोपऱ्याचे!

१७ मे, शनि.
तिरकं टोक मोडलं. दोनदा. तीन माथे जमले. मध्येच रडले, या वयात, थर्माकोलसाठी. तिच्या लग्नात माझ्या हातचं काहीतरी असावं, एवढंच हवंय. तिला सांगणार नाही.

२२ मे, गुरु.
मुक्ता बेसिंगस्टोकहून ऑफिस करून थेट आली. खांबांना फुलं हवीत का, ते फुलवाल्याला आज कळवायचं होतं. तिन्ही माथ्यांभोवती फिरली, विहीणबाईंच्या खुर्चीत बसली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "आई, चौथा मी करू? वाईट झाला तर हसू नको." हत्यार कसं धरायचं ते तिला पहिल्यांदाच शिकवलं. दोन तास लागले. एक वेटोळं मोठं, एक बारकं, तिरकं टोक भलतीकडेच. तिने फुलवाल्याला नको म्हणून कळवून टाकलं.
उद्या मंडप लागतो. तिला तिचा खांब मागच्या कोपऱ्यात हवाय, मला पुढे, सगळ्यांना दिसेल असा. वाद चालू आहे.